ग्रीस लावून दिलेली डाय

आप्पा, तुमची लेक आता खेळासाठी लोकांकडून दर महिन्याला पैसे घेते. तुम्ही आधी पोटभर हसला असता आणि मग विचारलं असतं, "आन् लोक देतात?" देतात, आप्पा. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि दार उघडलं की नाही, राक्षस मेला की नाही हे फाशांवर ठरतं. एकेक गोष्ट वर्षानुवर्षं चालते. तिचे नकाशे काढायला, कुणाकडे काय उरलंय ते लिहून ठेवायला लागणारं सॉफ्टवेअर आम्ही ताथवड्याच्या ऑफिसात बनवतो आणि महिन्याच्या वर्गणीवर देतो. "त्यापरीस कागद-पेन्सिल काय वाईट हाय?" असं तुम्ही म्हणणार, हे मला ठाऊक आहे. त्यावर माझ्याकडे चांगलं उत्तर आहे, पण आज ते राहू द्या.

आज मला भोसरीचं तुमचं वर्कशॉप आठवतंय. मी नववीत आहे, रविवार आहे, तुमचा ओव्हरटाइम चालू आहे आणि मी दापोडीहून डबा घेऊन आले आहे. मालक तुम्हाला सांगतायत, "ते गिऱ्हाईक आता दुसरीकडं काम देतंय. त्याची डाय सापडत नाही म्हणून सांग. बसू दे हात चोळत." डाय म्हणजे पत्र्याचा भाग काढायचा लोखंडी साचा, तो तुम्हीच महिनाभर राबून घडवलेला. तुम्ही हात पुसत शांतपणे म्हणालात, "डाय त्यांच्या पैशाची हाय, मालक. आपण घडवायची मजुरी घेतली. माघारी द्यावी लागंल." एवढं बोलून थांबला नाहीत. डाय पुसून काढलीत, ग्रीस लावलंत, गोणपाटात गुंडाळून टेम्पोत चढवलीत. सोडून चाललेल्या गिऱ्हाइकाचे एवढे लाड कशाला, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "गंजली तर आपलंच नाव खराब." त्यानंतर तुमचा रविवारचा ओव्हरटाइम बंद झाला. आईनं दोन दिवस भांडी आपटली. माझी सहल त्यात गेली, म्हणून मीही फुगून बसले होते.

गेल्या वर्षी आमचे वर्गणीदार भराभर कमी होऊ लागले. माझा भागीदार, कॉलेजातला मित्र, म्हणाला, "अगं, पैसे थांबले की त्यांचे नकाशे बंद करून टाकू. तीन वर्षांची गोष्ट आत अडकल्यावर कोण जातंय सोडून?" माणूस वाईट नाही तो. अकरा जणांचे पगार डोक्यावर होते. पण मी हटून बसले. म्हटलं, वर्गणी आपण रोज करतो त्या कामाची. नकाशा ज्यानं काढला त्याचा. जो जाईल त्याला सगळं काढून द्यायचं, तेही दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल असं. तो चिडला. "म्हणजे जाणाऱ्याचं सामान आपणच बांधून द्यायचं?" मी म्हणाले, "हो. आणि नीट बांधून."

चार महिने आम्ही दोघांनी पगार घेतला नाही. सांगवीच्या घराचे हप्ते भरताना माझी पार तंतरली होती, खोटं कशाला बोलू. मग गेलेल्यांतले काही परत आले. येताना आपापल्या टोळ्या घेऊन आले, कारण इथे काही अडकवून ठेवत नाहीत, हे त्यांनीच एकमेकांना सांगितलं. गेल्या महिन्यात आम्ही पूर्वीपेक्षा पुढे गेलो. मला माझा अभिमान वाटतो, आप्पा, आणि तुमचा त्याहून कितीतरी जास्त.

आज ऑफिसात पेढे वाटले. भागीदारानं सगळ्यांसमोर विचारलं, "हे तुला सुचलं कुठून?" तुमचं नाव अगदी ओठांवर होतं. पण सगळे माझ्याकडे कौतुकानं बघत होते, आणि मी म्हणाले, "असंच, माझं मला सुचलं."