कापलेली शेवटची पानं

अंबरनाथ, शुक्रवार, १२ मार्च १९५४

लग्न आठ दिवसांवर आलं. विधवा लेकीला पुन्हा घर मिळतंय म्हणून आई हरखून गेली आहे. मग आज मला घास का गेला नाही?

दुपारी ते, माझे होणारे यजमान, बदलापूरहून आले होते. त्यांच्या वारलेल्या बायकोच्या संग्रहातल्या तीन कादंबऱ्या मला वाचायला दिल्या होत्या, त्या मी परत केल्या. तिन्हींत प्रेमभंग, त्याग, आणि नायिकेला पुन्हा कुणी भेटतं न भेटतं तोच पुस्तक संपतं. शेवटची पानंच नाहीत. फाटलेली नव्हेत, ब्लेडने सरळ कापलेली. मला वाटलं, तिनेच कुठे जपून ठेवली असतील.

विचारलं तर हसले. "मीच कापली. शेवट वाचला की दिवसभर रडत बसायची. घरात लक्ष नसायचं."

आई म्हणाली, "किती जपायचात हो तिला!"

ती कशाने गेली, हे अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. तेवढ्यात त्यांनी माझ्यासाठी आणलेली कादंबरी पुढे केली. कल्याणहून घेतलेली, कोरी. अजून बांधणीच्या खळीचा वास येतोय.

ते गेल्यावर मी आधी शेवट उघडला. तिथेही तशीच सरळ कापलेली कड.