पांढऱ्या साखरेतलं हाड

आप्पा,

“साखरेत हाड न्हाई, बाई. चुना हाय, गंधक हाय, अन् आमचा खोकला हाय.” भिंगारला, माझ्या मैत्रिणीच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तुम्ही हसत म्हणाला होतात. परवा तुमच्या नातीमुळे ते पुन्हा वर आलं. ती व्हीगन झालीय. दूध, तूप, मधसुद्धा सोडलाय. काही देशांत साखर हाडांच्या कोळशातून गाळतात, असं कुठंतरी वाचून कोऱ्या चहालाही हात लावीना. मी सांगितलं, तुझे आजोबा साखर कारखान्यात गंधकाच्या भट्टीवर होते. ते सांगायचे, रसाला चुना देतात, गंधकाचा धूर देतात, गाळ खाली बसतो, झालं. तिनं विश्वासानं कप उचलला आणि मला तिच्याकडे बघवेना.

नव्वदच्या दशकात, कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, मी मैत्रिणीच्या घरी खोली घेऊन राहत होते. आपण कोण ते सांगितलं नव्हतं. आडनावावरून कळत नव्हतं, त्यांनी विचारलं नव्हतं; मला ते सोयीचं होतं. दिवाळीला कामगारांना मिळालेली साखर घेऊन तुम्ही न कळवता आलात आणि उंबऱ्याशीच हात जोडलेत, “जय भीम, बाई.” मैत्रिणीची आई थबकली. मग पिशवीकडे बघून म्हणाली, “अगोबाई, साखर होय? आमच्यात नाही हो चालत. हाडं घालून पांढरी करतात म्हणे.” सकाळीच तिनं माझ्या चहात दोन चमचे घातली होती. डबा अजून ओट्यावर होता.

तुम्हाला वाटलं, तिला खरीच शंका आहे. तुम्ही मनापासून सगळं समजावत राहिलात. शेवटी ती माझ्याकडे वळली, “काय गं, घालतात ना?” खोली गेली तर परीक्षेपर्यंत राहायचं कुठं, एवढंच माझ्या डोक्यात. मी म्हणाले, “हो. आप्पांना माहीत नसेल.”

निम्मं आयुष्य भट्टीवर काढलेला माणूस माझ्याकडे बघत म्हणाला, “आसंल बा. आमाला काय ठावं.” पिशवी उचलून तुम्ही निघालात. मी फाटकापर्यंतही आले नाही. खोली आठवड्याभरात गेलीच.

घरी तुम्ही आईला सांगितलं होतं, “पोरीला साखर पोचली.” ती कुणाला दिलीत, मला आजवर कळलेलं नाही. तुमच्या नातीला मी तुमचं काम सांगितलं, हे नाही.

आप्पा, एकदा विचारा मला, तू तसं का म्हणालीस. त्यानंतर कितीतरी वर्षं आपण एका ताटात जेवलो, तेव्हा विचारलं नाहीत. आता तर तुम्हीच नाही, विचारणार कुठून. तरी विचारा.