तिसरी फळी

गुरुवार, रामवाडी, पेण

पुराचा धोका कुठल्या घराला किती, याचा सर्व्हे आम्ही दोघी करतोय. मी इथलीच, गणपतीच्या कारखान्यात वाढलेली. मेघना निडीहून ट्रेनने येते. तरी आज साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं ते तिचंच. तेव्हापासून नुसती जळतेय मी.

कारखान्यांत मी विचारायचे, "पाणी किती चढतं?" जो तो म्हणायचा, "गुडघाभर." मी लिहून मोकळी. हिने काय विचारावं, तर "पाणी आलं की मूर्ती कितव्या फळीवर चढवता?" शाडूची मूर्ती भिजली की चिखल, त्यामुळे फळी कुणी विसरत नाही. तिच्याकडे घरोघरच्या पाण्याची खरी उंची जमा झाली. कितवी फळी. एवढं साधं, आणि सुचलं तिला?

घरी आल्या आल्या आईला विचारलं, आपली फळी कितवी?

"तिसरी," आई रंग ढवळत म्हणाली. "तुला ठाव नाय गो? त्या निडीच्या पोरीला तर दुपारीच सांगितलं."

तिसरी म्हणजे माझ्या छातीपर्यंत. सर्व्हेच्या यादीत आमच्या घरापुढे मी न विचारताच गुडघाभर लिहिलंय.