संत्र्याच्या सालीचा पाव

सोमवार, १२ जून

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद. मावशीकडे रुळलीस ना? तिच्या घरी टीव्ही नाही, ते एक बरंच.

इकडे सगळे खुशाल. भट्टी दुरुस्त झाली, आईचा गुडघाही बरा आहे. गिऱ्हाइकं पाव घेतात, तुझी चौकशी करतात आणि मला म्हणतात, "तुम्ही तिची ताई ना?" नऊ वर्षं मी या बेकरीत पीठ मळतेय, आणि माझी ओळख एवढीच.

टीव्हीवरच्या त्या पाव-केकच्या स्पर्धेच्या निवडीला आपण दोघी गेलो होतो. माझा पाव चाखून परीक्षकांनी नुसती मान हलवली. तुझा खालून करपला होता, तर तू खळखळून हसलीस आणि कॅमेरा तुझ्यावरून हललाच नाही. घरी येताना मी तुझं कौतुक केलं. आतून माझा जळून कोळसा झाला होता.

मग संत्र्याच्या सालीचा पाव करून तू पहिली फेरी जिंकलीस आणि कार्यक्रमवाले घरी आले. बाबा भट्टीवर होते, आई बाजारात. माइकवाल्या बाईने विचारलं, तुझ्याबद्दल कुणालाच ठाऊक नाही असं काही आहे का. मला खुर्ची दिली, दिवा माझ्याकडे वळवला. चिऊ, पहिल्यांदाच कुणीतरी तो माझ्याकडे वळवला होता.

मी म्हणाले, "तो पाव माझा आहे. तिने मला न विचारता उचलला."

पुढचं तू भोगलंस. वर्गात फळ्यावर 'पावचोर' लिहिलं गेलं. तू स्पर्धा सोडलीस, मग शाळा, मग घर. सगळ्यांना वाटलं, कार्यक्रमवाल्यांनी माझं बोलणं तोडून-जोडून दाखवलं. मी तसं वाटू दिलं.

खरं हे, की तीन रविवार तुला शेजारी उभं करून मीच तो पाव शिकवला. स्पर्धेत हाच कर, असंही मीच म्हणाले होते.

काल बाबांना सांगितलं. त्यांचे हात पिठातच होते. म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? तिला लिही." आज सकाळी मुख्याध्यापिकांना सगळं लिहून दिलं, वर्गात वाचून दाखवा म्हटलं. तुझं नाव अजून पटावर आहे म्हणाल्या. कार्यक्रमवाल्यांनाही कळवलंय, ते दाखवतील असं वाटत नाही.

आणखी एक. स्पर्धा सोडताना तू टीव्हीवर रडलीस तेव्हा माझ्या मनात आधी आलं ते हे, की ही रडतानासुद्धा किती छान दिसते. ती जळजळ अजून गेलेली नाही. गेली असं लिहिलं, तर ते दुसरं खोटं होईल.

शाळा पुढच्या सोमवारी उघडतेय. ये. फाटकापर्यंत मी बरोबर येईन. नको म्हणालीस तर नाही येणार.

ताई म्हणायचं की नाही, हे तुझ्यावर सोडून,
मी