चिंचेत भिजलेले दगड

॥ श्री महादेव प्रसन्न ॥
चुडावा, १२ जानेवारी १९४१

चि. ईश्वर यास सिद्धम्माअक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तू मागितलेले आमच्या विहिरीतले पांढरे दगड आज ठेसनावरून पार्सल केले. तो थर आता पाण्याखाली गेला, पुन्हा मिळायचा नाही, जपून वापर. दगड चिखलाने लय माखले होते. तसेच तुझ्या गुरुजींपुढे ठेवायचे म्हणजे माहेरची शोभा. म्हणून रात्रभर चिंचेच्या कोळात घालून तांब्याच्या घागरीसारखे घासले. चिंच जुनीच होती.

अप्पा निक्षून सांगायलेत, पाडव्यापर्यंत दगडात जीव दाखव, नाहीतर कॉलेज सोडून कापडदुकानाच्या गादीवर बस. मी महादेवाला साकडं घातलंय. तब्येतीला जप, अक्काला विसरू नको.

तुझी अक्का


हैदराबाद, ४ फेब्रुवारी १९४१

ती. सौ. अक्कास ईश्वरचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझी चिंच वाचली आणि कपाळाला हात लावला. मी दगडात शोधतो ते लाखो वर्षांपूर्वीचे जीव म्हणजे चुन्याची कवचं, आणि आंबटात चुना विरघळतो. सगळे धुऊन गेले असं समजून मी ट्रंक भरायला काढली. प्रोफेसरसाहेबांनीच एक दगड खुर्दबिणीच्या भिंगाखाली धरला आणि मला हाक मारली. आपल्या दगडातली कवचं कधीच गारगोटीची झालेली. भोवतीचा चुना गेला, ती मात्र उठून राहिली. खसखशीएवढी, दोन झाकणांची, खेकड्याच्या गोतातली. सासूबाईंना सांगू नकोस, तुझ्या स्वयंपाकघरात या खेकड्याच्या भाऊबंदांचा रात्रभर मुक्काम झालाय.

साहेब म्हणतात, प्राणी मुळात कसे उपजले ते कळायला पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरावं लागतं. ही वरची पायरी. चित्र सोबत आहे. अप्पांना तूच दाखव, मला धीर नाही. माया आहे ती राहू दे.

तुझा ईश्वर


चुडावा, १३ फेब्रुवारी १९४१

चि. ईश्वर यास अनेक आशीर्वाद वि. वि.

चित्र घेऊन परभणीला अप्पांकडे गेले. त्यांनी चष्मा पुसून ते उलटंसुलटं पाहिलं. एवढ्याशा किड्यासाठी दुकान सोडायचं का, म्हणाले. मी म्हटलं, आपण त्यांच्या मागूनच आलो. तर म्हणाले, तुला मॅट्रिक केलं हीच माझी चूक. मग जेवणं झाली. विडा लावता लावता मात्र बोलले,

"ह्यांच्या आधी कोण होतं, ते विचार त्याला."

म्हणून विचारायलेय. पाडव्याला ये, पण परतीचं तिकीट काढूनच ये. कृपालोभ आहेच.

तुझी अक्का