गुडघ्याची पुडी

७ एप्रिल १९९६, रविवार

यशराज सर बूट घालतात. बारामतीच्या या धुळीत, एप्रिलमध्ये, पॉलिश केलेले बूट. कोणासाठी?

औषध दुकानदारांचा वर्ग आहे, चार रविवार. झाडपाल्याची औषधं, वाढतं ऊन आणि तब्येत, असा विषय. सर पुण्याहून येतात. आमच्या इंदापूरच्या दुकानातून सुप्रियानं जायचं, कारण भिंतीवर सर्टिफिकेट तिचं. मालक मानसिंगराव मला म्हणाले, "तू पन जा मल्हाऱ्या. अर्धा फार्मासिस्ट हायस, पाऊण तरी हो." दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या अंगावर जर्नल फेकून कॉलेज सोडलं, ते हा माणूस जन्मात विसरणार नाही. सुप्रिया तेव्हा माझ्याच वर्गात होती. ती पास झाली. आता ती औषधं देते, मी खोकी फोडतो.

सरांनी तिला दुकानात टांगायला थर्मामीटर दिलं. मला चहा दिला.

९ एप्रिल

दुकानात दुपारी ३९. औषधं उन्हानं बिघडतात म्हणून ती आकडा वहीत लिहिते. दर दोन तासांनी थर्मामीटरपाशी जाऊन उभी राहते. आकडाच बघते का?

१२ एप्रिल

मी माल आणायला गेलो तेव्हा आई दुकानात येऊन गेली. संध्याकाळी म्हणाली, "तुझी ती सुप्रिया लई ग्वाड पोर हाय. हात धरून बसली माझा. मावशी, गुडघ्याला काय घेता, म्हनली. म्या म्हनलं, ही बघ, ही पुडी घेती. झाडपाल्याची हाय, इंग्रजी गोळी न्हाय."

माझ्या आईचा हात धरला! दोन भाकरी जास्त खाल्ल्या आज.

पुडी मीच आणतो. भवानीनगरला बाजाराच्या दिवशी एक जडीबुटीवाला बसतो, त्याच्याकडून. आधी आईला चुलीपुढून उठवत नव्हतं. वर्षभरात अंगानं भरलीय, गाल गोल, तकतकीत.

१४ एप्रिल, रविवार

वर्ग सुटल्यावर ती मागं थांबली. मी खिडकीतून पाहिलं. पर्समधून कागदाची छोटी घडी काढून सरांना दिली. सरांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली — छातीवरच्या.

एस.टी.त ती पुढं बायकांत, मी मागं. काटेवाडीला गर्दी उतरली तसा पुढं गेलो.

"सरांना काय दिलं?"

"कळंल तुमाला."

"आत्ता सांगितलं तर?"

"आत्ता सांगितलं तर तुमी डोक्यात राख घालून घ्याल."

घातलीच. परत मागच्या सीटवर जाऊन बसलो.

२१ एप्रिल, रविवार

सर म्हणाले, गिऱ्हाइकाला विचारत जा, गोळीबरोबर आणखी काय पोटात जातं — काढा, पाला, चूर्ण? झाडाचं आहे म्हणून निर्धोक समजू नका. सगळ्यांनी लिहून घेतलं. मी तिच्याकडे बघत होतो. ती सरांकडे.

२८ एप्रिल, शेवटचा रविवार

आज मीही वही नेली. सर तिच्या बाजूला किती वेळा बघतात त्याच्या रेघा मारल्या. अकरा. शेवटच्या अर्ध्या तासात काय शिकवलं, देव जाणे.

२ मे

सुप्रिया मावसबहिणीच्या लग्नाला गेलीय. पोस्टमननं पाकीट दिलं. तिच्या नावाचं, पुण्याहून. मागं सरांचं नाव.

माझ्या खिशात आहे.

५ मे

आली. "माझं काही टपाल?"

"न्हाय."

६ मे

परत विचारलं. न्हाय.

८ मे

तिसऱ्यांदा. या वेळी चेहरा उतरला तिचा. कुणी मास्तरांच्या पत्राची एवढी वाट बघतं का? आता आणखी पुरावा कशाला पाहिजे.

९ मे

फोडलं.

वरच "सुप्रियाताई". ताई!

खाली — "मल्हारच्या आईची तुम्ही दिलेली पुडी तपासून घेतली. तुमची शंका खरी ठरली. झाडपाल्यात स्टेरॉइड मिसळलेलं आहे. चेहरा गोल झालाय तो तब्येत सुधारून नव्हे, ती त्या औषधाची सूज."

पुढं वाचवेना. सायकल काढून घरी गेलो, डब्यातल्या सगळ्या पुड्या कालव्यात फेकल्या. आई मागून ओरडत होती, "आरं, माझ्या गुडघ्याचं कसं रं?" तसाच एस.टी. धरून भवानीनगर. जडीबुटीवाला आला नव्हता. त्याच्या जागेवर एक बाई टरबुजं विकत होती. नशीब त्याचं.

मीच आणत होतो. वर्षभर. माझ्या हातानं.

१२ मे

आईला सकाळपासून उलट्या. उभी राहिली की पडायची. शेजारचे म्हणाले, ऊन लागलं. मीही तेच धरलं, मीठ-साखरेचं पाणी पाजत बसलो. दुपारी तिनं डोळे फिरवले. सरकारी दवाखान्यात नेलं. सुप्रिया धावत आली. पहिला प्रश्न —

"पुडी बंद केली का?"

"तीन दिवस झाले."

ती डॉक्टरांकडे पळाली. मग सलाईन, इंजेक्शन. मग ती माझ्याकडे परत आली.

"असली पुडी एकदम तोडायची नसती. अंगाला तिची सवय झालेली असती, त्यात हे ऊन. डॉक्टरांनी हळूहळू उतरवायची असती. सरांनी शेवटच्या रविवारी अर्धा तास हेच सांगितलं. तुमी तर वही घेऊन बसला होता."

आईकडे जाता जाता वळली.

"पण पुडीत काय हाय, हे तुमाला सांगितलं कुणी?"



१४ मे

आई उठून बसली. पेज प्याली. डॉक्टर म्हणतात, आता धोका नाही. गुडघे दुखतायत म्हणून मला शिव्या देते. देऊ दे.

पत्राची मागची बाजू आज वाचली. "पुडी एकदम थांबवू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. मल्हारला शांतपणे सांगा, तापट आहे म्हणता. आणि तुम्ही विचारलं होतंत ते — त्याचं राहिलेलं फार्मसीचं दुसरं वर्ष पुन्हा करता येईल. जूनमध्ये अर्ज करायला लावा."

१५ मे

पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं पत्र बाहेर काढलंच नाही. पाकीट उलटं करून इंदापूर पोस्टाचा शिक्का वाचला.

दोन मे.