भट्टीतला न पुसलेला कोपरा

सोमवार, ता. ४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. खिडकीला काच बसली, आईला सांगा.

आज मात्र वर्गात फजिती झाली. दुसरीच्या मुलांना जगातल्या गरम जागा शिकवत होते. दिव्यापुढे पृथ्वीचा गोल धरला आणि सांगितलं, मधल्या पट्ट्यावर ऊन सरळ पडतं, म्हणून तिथेच सर्वांत जास्त तापतं. मुलं खूश. पण शेवटच्या बाकावर एक मुलगी आहे, तिला सगळे ‘का-बाई’ म्हणतात. ती म्हणाली, नकाशात मधला पट्टा तर हिरवागार आहे आणि वाळवंटं त्याच्या वर नि खाली. ऊन पडतं एकीकडे आणि भाजतं दुसरीकडे, असं का?

नेमक्या मुख्याध्यापिकाबाई दारात उभ्या. मला माहीत नाही, शोधून सांगते, असं मी म्हणाले. बाईंनी वहीत काहीतरी टिपलं. शुक्रवारी त्या पुन्हा वर्गात बसतील आणि मला ठेवायचं की नाही ते ठरवतील.

पुस्तकात उत्तर आहे, पण सात वर्षांच्या हाताला लागेल असं नाही. तुम्ही तीस वर्षं बेकरीच्या भट्टीपुढे उभे आहात. आत सर्वांत जास्त तापतं कुठे?

तब्येतीला जपा, ही विनंती.
आपली थोरली


बुधवार, ता. ६

चि. मास्तरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

पदवीला भट्टीचा सल्ला हवा, म्हणून तुझी आई हसली. मग पत्र घेऊन शेजारणीकडे गेली.

नकाशातलं मला कळत नाही, भट्टीतलं सांगतो. निखारे बाहेर ओढले की काठीला ओलं पोतं बांधून आम्ही भट्टीचा विटांचा तळ पुसतो. पुसलेली जागा निवते, कारण धग आधी पाणी आटवण्यात खर्च होते. उमेदवारीत एकदा मी एक कोपरा पुसायचा विसरलो. आगीपासून सगळ्यांत लांबचा कोपरा, पण पावांची बुडं तिथलीच करपली. उस्ताद म्हणाले, आगीला काय विचारतोस, विटेला विचार.

तुझा हिरवा पट्टा ओला असणार. हा माझा अंदाज; पुस्तकाशी ताडून घे. ‘माहीत नाही’ म्हणालीस ते बरं केलंस. सगळं माहीत असणाऱ्यांचे पाव मी खाल्लेत.

वेळेवर जेवत जा, एवढंच मागणं.
तुझे बाबा


शुक्रवार, ता. ८

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ताडून पाहिलं. तुमचं बरोबर आहे. उरलेलं काम कोरडी हवा करते.

आज दोन डब्यांत वाळू भरली. ओला डबा ऐन उन्हात ठेवला, कोरडा जरा कडेला, कमी उन्हात. अर्ध्या तासाने मुलांनी ओळीने तळवे टेकवले. का-बाईने दोनदा टेकवले, मग कोरड्या डब्यावर ‘वाळवंट’ अशी चिठ्ठी चिकटवली. मुख्याध्यापिकाबाईंनीही हात लावून पाहिला आणि हे कुठल्या पुस्तकातलं, असं विचारलं. मी तुमचा न पुसलेला कोपरा सांगितला.

त्यांनी वही माझ्यापुढे धरली. सोमवारी त्यांनी का-बाईचाच प्रश्न उतरवून घेतला होता. उत्तर त्यांनाही येत नव्हतं. वर्ग आता वर्षभर माझ्याकडे आहे.

का-बाईचा पुढचा प्रश्न तयार आहे: जमिनीखाली ऊन पोचत नाही, मग काही झऱ्यांचं पाणी उकळतं कसं? या खेपेला ‘माहीत नाही’ म्हणायची पाळी तुमची. मंगळवारी बेकरी बंद असते, तेव्हा वर्गात या. इस्त्रीचा शर्ट नको. काठी आणि पोतं तेवढं आणा. मुलं वाट पाहताहेत.

माया आहेच, ती अशीच ऊबदार राहू द्या.
आपली थोरली